तुरीच्या खळ्यावरचा सोटा

तूर बडवण्याचा आवाज लांबून ऐकला तर कुणीतरी कुणाला तरी मारतंय असंच वाटतं. बीडला आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट अजून शिल्लक आहे. पौष लागला की शेजारचे नवरा-बायको गावाकडून आलेल्या तुरीच्या पेंढ्या तिथं ताडपत्रीवर टाकतात आणि काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहतात. दण, दण, दण. मळणी यंत्रं येऊन जमाना झाला, तरी घरापुरती तूर काठीनंच बडवायची, डाळ चवीला बरी लागते म्हणे. डाळीला काय कळतंय. मी उठून खिडकी लावून घेते. नवरा म्हणतो, हिला धुळीचा त्रास आहे. तीस वर्षं होत आली, मी त्यांना धुळीचंच सांगत आले आहे.

आमचं गाव वडवणीपासून तीन-चार कोसांवर. तुरीचे दिवस म्हणजे थंडीचे दिवस. सकाळी हरभऱ्याच्या पाल्यावरचं दव पायाला लागलं की भेगा चरचरायच्या. ज्वारी हुरड्यात आलेली असायची, माणूस आत शिरला तर दिसणार नाही इतकी उंच. आणि तिच्या कडेला आमचं खळं. पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून आरशासारखं गुळगुळीत केलेलं. गावात रस्ता सपाट नव्हता, शाळेचं अंगण सपाट नव्हतं, पण खळं सपाट असायचं. त्यावर चपला घालून जायचं नाही. उद्या तिथं धान्य पडणार, तर ती लक्ष्मीची जागा. माय सारवायची तेव्हा तिच्या तळहाताच्या रेषासुद्धा त्यात उमटायच्या, इतकं ती मन लावून करायची.

तूर बडवायला आम्ही चौघं उभे राहायचो. आबा, माय, दत्तादादा आणि मी. ताल आबांचा. त्यांची काठी पडली की दादाची, मग मायची, मग माझी. ताल चुकला तर काठ्या एकमेकींवर आपटायच्या आणि मनगटात मुंग्या यायच्या. शेंगा फुटून दाणे तोंडावर उडायचे. तासाभरानं हात आपले राहायचेच नाहीत, ते तालाचे होऊन जायचे. डोकं दुसरीकडं गेलं तरी काठी वर जायची आणि वेळेवर खाली यायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आबांचा हात डोक्यावरून यायचा. वरून खाली, सरळ. एकदा पेंढी उचलताना आतून साप निघाला, माझ्या पायापासून हातभर. मी ओरडायच्या आत आबांची काठी पडली होती. एकाच घावात कणा मोडला. मग ते सापाकडं नाही, माझ्याकडं बघत उभे राहिले, आणि त्यांचे ओठ थरथरत होते. माझ्या बापाचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. पण तोच हात त्याच वाटेनं बैलावर पडायचा, दादावर पडायचा, मायवर पडायचा. दादाला ते नडगीवर मारायचे. पाठीला मांस असतं, नडगीला नसतं, म्हणून. दादाच्या उजव्या नडगीला बोट बसेल एवढी खाच होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आबा म्हणायचे. आमच्या घरात घाव भरपूर झाले, देव काही कुणी झालं नाही.

दहावीला नापास झाल्यावर दादा पुण्याला पळून गेला. तिकडं एका गोल्फच्या मैदानावर साहेब लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचं काम त्याला लागलं. तीन वर्षांनी तुरीच्या दिवसांत तो पहिल्यांदा परत आला. बारावीची परीक्षा तोंडावर आलेली म्हणून मी ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. बघते तर दादाच्या खांद्यावर एक लांब पोलादी दांडी, तिच्या टोकाला मुठीएवढं लाकडी डोकं, वर तपकिरी रोगण.

आबांनी ती दांडी हातात घेऊन वजन बघितलं. "ह्यो सोटा कशाला आणलास? काठ्या कमी हायत का घरात?"

"गोल्फची काठी हाय आबा. सगळ्यात लांब बॉल जातो तो हिनं. ड्रायव्हर म्हणतात हिला."

"कुण्या गाडीचा?" आबा म्हणाले आणि सोटा भिंतीला लावून बैलांकडं गेले.

ते दिवस असे होते की परदेशी वस्तू पहिल्यांदाच धडाधडा देशात शिरत होत्या. गावात रंगीत टीव्ही आला होता, आणि तिकडं पुण्यात साहेब लोकांना पोकळ धातूच्या डोक्याच्या नव्या काठ्या मिळायला लागल्या होत्या. म्हणून एका साहेबानं ही लाकडी डोक्याची फेकून दिली आणि दादानं उचलली. सोबत तीन जुने बॉल. माघात त्याची चाचणी होती. मैदानावर नवी पोरं शिकायला येऊ लागली होती, त्यांना शिकवायला दोन मदतनीस घ्यायचे होते, आणि ते पिशव्या वाहणाऱ्यांतूनच घ्यायचे होते. दहा बॉल मारायचे आणि दोन झेंड्यांच्या मधून न्यायचे. जमलं तर दादा मास्तर. नाही जमलं तर खांदा झिजेपर्यंत पिशव्या, नाहीतर परत आबांच्या काठीखाली.

आणि दादाचा बॉल सरळ जात नव्हता. निघायचा सरळ, आणि मग केळीसारखा उजवीकडं वळत वळत जायचा.

आबा दुपारी विहिरीवर मोटार बघायला गेले की आम्ही खळ्यावर यायचो. दुसरीकडं कुठंच सपाट जागा नव्हती. समोर बाजरी काढलेलं मोकळं रान, त्याच्या शेवटी बांधावर बाभळ. उजवीकडं ज्वारी. दादा चिमूटभर ओल्या मातीवर बॉल ठेवायचा, राखेनं एक रेघ बाभळीच्या दिशेनं ओढायचा आणि मला समजावून सांगायचा.

"ही बॉलची रेघ. आमचा म्हातारा मास्तर म्हणतो, दत्ता, तुझी काठी ह्या रेघंच्या पलीकडून येती, वरून, आन् तुझ्याकडं वढली जाती. म्हणून बॉल गरगरत उजवीकडं पळतो. काठी रेघंच्या अलीकडून आली पायजे. अंगाजवळून. आतून."

"मग आण की."

"लई सोपं वाटतंय का? तू बघ फक्त. कुठून येती ते सांग."

मी समोर उकिडवी बसून बघायची. दादा काठी मागं न्यायचा, आणि खाली येताना त्याचा उजवा खांदा पुढं यायचा, कोपर उडायचं, आणि काठी डोक्यावरून खाली. मला त्या मास्तराची गरज नव्हती. तो घाव मी जन्मापासून बघत आले होते. तो आबांचा घाव होता, पुरा, कोपरापासून मनगटापर्यंत. तुरीचा, बैलाचा, मायच्या पाठीचा. दादा घरातून पळाला तेव्हा हात मात्र बापाचेच घेऊन गेला होता.

मी हे त्याला सांगितलं. मग त्यानं उजव्या काखेत टॉवेल दाबला, म्हणजे कोपर बरगडीपासून सुटलं तर टॉवेल पडेल. रेघेच्या पलीकडं, बॉलच्या बाजूला, त्यानं मला मातीची ढेकळं मांडायला सांगितली. काठी पलीकडून आली तर ढेकूळ फुटेल, आतून आली तर वाचेल. ढेकळं फुटत राहिली. माती माझ्या डोळ्यांत, दातांत. टॉवेल पडत राहिला. दोन बॉल ज्वारीत गेले, ते शोधताना माझे हात चिरले. "खळंच वाकडं हाय," दादा एकदा चिडून म्हणाला. मायनं ते ऐकलं. ती ज्वारीतल्या मचाणावर पाखरं राखत बसायची. वरूनच म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि गोफणीतून धोंडा सोडला. तिची गोफण कशी अंगाभोवतून फिरायची, ते आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मायच्या हाताकडं आमच्या घरात कुणी बघायचंच नाही.

एकदा काठी इतकी वरून आली की लाकडी डोकं बॉलच्या मागं खळ्यात रुतलं. वीतभर चीर पडली. चांगली दोन बोटं खोल. आम्ही दोघं त्या चिरीकडं असे बघत उभे, जसं काही जिवंत माणसाला लागलं आहे. माय मचाणावरून उतरली, शेण-माती कालवून तिनं चीर बुजवली, सारवली. पण ओलं शेण आणि वाळलेलं शेण यांचा रंग सारखा कधी होतो?

चाचणीला आठवडा राहिला. दादाचे तळहात फुटले होते. त्या दुपारी त्यानं ओळीनं नऊ ढेकळं फोडली आणि काठी फेकून खाली बसला. रडत होता. मला त्याची कीव आली, आणि रागही आला, आणि मी सतरा वर्षांची होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"दादा," मी ओरडले, "तिथं बॉल हाय असं समजूच नको. आबाची नडगी हाय समज. हाण."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हसायला लागला. मग मी. आम्ही पोट धरून हसलो, त्याच्या नाकातून पाणी आलं. हसत हसतच उठून त्यानं बॉल ठेवला. काठी मागं गेली, आणि खाली आली ती अंगाजवळून, कमरेतून, जमिनीवरून सरपटल्यासारखी. ढेकूळ जागचं हाललं नाही. बॉल असा सरळ गेला की बाभळीवरचे कावळे उडाले.

"आतून," मी म्हणाले.

"परत ठिव," दादा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

पाच फटके मारले, पाचही बाभळीकडं. आम्हाला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी शेवटची तूर बडवायला घेतली. दुपारची वेळ, ऊन चांगलं तापलेलं. तास झाला असेल. आबांनी बडवलेली तुराटी पायानं बाजूला सारली, आणि खाली मायनं बुजवलेली चीर उघडी पडली. काठ्यांनी वरचं शेण उडालं होतं आणि फटीत मूठभर दाणे जाऊन बसले होते. आबांनी बोटानं दाणे उकरले. "हे कुणाचं काम?"

दादा तोंड उघडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "माज्या हातनं झालं. खुरपं लागलं."

आबा पुन्हा तुरीकडं वळले, पहिली काठी मारली, दादानं मारली, मायनं मारली, मी मारली. आणि आबांची काठी वर गेली ती तुरीवर पडायच्या ऐवजी मायच्या पाठीवर पडली. ताल तोच होता. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. दादाची आणि माझी काठी त्यानंतरही दोन-दोन ठोके तुरीवर पडली. आबा मायला मारत होते, आणि मध्ये आमचे हात तालात चालले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाजूला उभं राहून तूर बडवतायत. चौथ्या काठीला माय गुडघ्यांवर आली. पाचवीला तिची चोळी फाटून पाठीवर लाल पट्टा उमटला. ती ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी शेंगा धरून होती.

दादानं काठी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. खळ्याच्या कडेला जाऊन चपला घातल्या, मचाणापर्यंत चालत गेला आणि त्याला टेकवलेला ड्रायव्हर घेऊन चालत परत आला. पळाला नाही. खळ्याच्या कडेला थांबून त्यानं चपला काढल्या. मला ते चपला काढणं सगळ्यात जास्त आठवतं. मग तो आबांच्या बाजूला आला, पाय फाकवून उभा राहिला, कोपर बरगडीला लावलं. दम खाऊन आबांनी काठी परत वर नेली होती. त्यांनी त्याला बघितलं, मला वाटतं बघितलं.

काठी आतून आली.

आवाज तुरीच्या शेंगेसारखाच होता, फक्त मोठा. आबा तुराटीच्या ढिगावर आडवे झाले. नडगीच्या मधोमध पाय नको त्या बाजूला वळला होता आणि कातड्यातून पांढरं दिसत होतं. दादा फटका मारून झाल्यावरही तसाच उभा होता, छाती समोर, काठी डाव्या खांद्यावर. त्याला तसंच शिकवलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आबा मारायचे तेव्हा त्यांचे डोळे लाल व्हायचे, तोंडाला फेस यायचा. दादाचा चेहरा गणित सुटलेल्या पोरासारखा मोकळा होता. मला आबांच्या रागाची कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या चेहऱ्याची वाटली.

माय रांगत आबांकडं गेली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. दादाकडं बघून म्हणाली, "मी भोगत व्हते न्हवं माज्या नशिबाचं? तुला कुणी बोलावलं मदी? जा. मला तोंड दावू नको." तिच्या पाठीतून रक्त येत होतं.

आबा दात आवळून म्हणाले, "बैलगाडीवरून पडलो. ऐकलं का समद्यांनी? गाडीवरून पडलो."

दादा ड्रायव्हर तिथंच टाकून वडवणीच्या रस्त्याला लागला. एसटी मिळाली असेल. महिन्यानं माझ्या नावानं पत्र आलं. कुणाची तरी काठी मागून घेऊन त्यानं चाचणी दिली होती. दहापैकी आठ बॉल मधोमध गेले होते. आबांचं कसं आहे, हे त्यानं विचारलं नव्हतं.

आबांचा पाय पाटोद्याच्या हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्यांत बांधला. तो वाकडाच जुळला. उठून उभे राहिले तेव्हा त्यांनी काठी मागितली, आणि घरात एवढ्या काठ्या असताना बोट दाखवलं ते ड्रायव्हरकडं. लांब होता म्हणून लोहाराकडून वीतभर कापून घेतला, उलटा धरला, आणि ते लाकडी डोकं मुठीत घेऊन मरेपर्यंत चालले. लोक विचारायचे, आबा, काठी लई भारी दिसती. ते म्हणायचे, लेकानं पुण्याहून आणली. त्यानंतर त्यांनी कुणावर हात उचलला नाही. पश्चात्ताप झाला असेल म्हणावं, तर माझं मन तयार होत नाही. एका पायावर उभं राहून वरून घाव घालता येत नाही, एवढं मला माहीत आहे.

मी पुढं मास्तरीण झाले. माझ्या हातातही छडी आली, आणि ती कुठून यायची ते तुम्हाला सांगायला नको. एकदा फळ्यावर पडलेली माझीच सावली दिसली, कोपर उडालेलं, हात डोक्यावर. त्या दिवशी छडी चुलीत घातली. हातांचं काय करायचं, ते अजून कळलेलं नाही.

आबा गेले त्या वर्षी मी त्यांच्याजवळ चार दिवस राहिले होते. दुपारी ओसरीत पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "कुसुम, दत्त्याचं ते सुदरलं का गं? वरून यायचं ते?"

"तुमाला कुणी सांगितलं, आबा?"

"मी ज्वारीत व्हतो. मोटार बंद पडली म्हणून आलतो. तू म्हणालीस न्हवं, आबाची नडगी हाय समज." ते छताकडं बघत होते. "लई हसलात तुमी. तुमी दोगं इतकं हसलेलं मी कदी ऐकलंच नव्हतं. चार दिवस त्येच कानात घुमत व्हतं. खळ्याला चीर पडली, त्ये निस्तं निमित्त."

मग ते झोपले, किंवा झोपल्यासारखे पडून राहिले. मी बसल्या जागी मोजत होते, पाच काठ्या. मायच्या पाठीवरच्या त्या पाचही काठ्या माझ्या होत्या. माय तर आधीच गेली होती, तिची माफी मागायची सोयही राहिली नव्हती. दादाला तिनं शेवटपर्यंत तोंड दाखवू दिलं नाही, आणि मला मात्र ती मरेस्तोवर जवळ घ्यायची.

गेल्या आठवड्यात दादा आला होता. केस पांढरे झालेत, उन्हानं मान काळी पडली आहे, पण ताठ चालतो. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आता परदेशात खेळतात. बाहेर काठ्या चालू होत्या. मी लावलेली खिडकी त्यानं उघडली आणि प्लॉटवरच्या त्या नवरा-बायकोकडं बघत उभा राहिला. मी माळ्यावरून ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. आबांच्या तळहातानं लाकडावरचं रोगण पार गेलं होतं आणि आतलं लाकूड चकचकीत झालं होतं. दादानं त्यावर अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पोरांचा बॉल वाकडा जायला लागला तर तू काय सांगतो रे त्येंला?"

"काई न्हाई. कोपर सांगतो, खांदा सांगतो. आन् एक सांगतो, बॉलला बॉलच समजा. दुसरं काई समजू नका." मग ड्रायव्हर टेबलावर ठेवत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू सांगितल्यापासून मला बॉल कदी दिसलाच न्हाई, कुसे. रोज शंभर-दीडशे मारतो. समदे सरळ जातात. पर बॉल काई दिसत न्हाई."

ज्वारीतलं आता त्याला सांगावं असं माझ्या मनात आलं. आबांनी ऐकलं होतं, त्या दिवशीची सुरुवात त्यानं पाडलेल्या चिरीनं नाही, माझ्या तोंडून झाली होती, हे सांगितलं तर त्याच्या वाटणीचं थोडं माझ्याकडं येईल असं वाटलं. पण मग आम्ही पोट धरून हसलो, ती एक दुपारही त्याच्याजवळ उरणार नाही. बाहेर दण दण चाललं होतं. मी चहा टाकायला उठले. या वेळी जीभ उचलली नाही.